शेवाळ जावे, पन्नी राहावी



घरातली माशांची छोटी टाकी आणि शेतातले पन्नी घातलेले शेततळे यांची सोयरीक कोणी जुळवू लागले तर तुम्ही हसाल. टाकीत दोन-तीन बादल्या पाणी, तळ्यात वीस-बावीस लाख लिटर. टाकी मुलांच्या हौसेची, तळ्यावर घरादाराचे पोट. पण दोघांचे दुखणे एकच, ते म्हणजे शेवाळ. आणि दोघांची प्रकृतीही एकच, अंगाला ओरखडा सोसत नाही. म्हणून आज दोघांविषयी एकत्रच सांगतो. टाकी नसली तरी तळे असेल, तळे नसले तरी गोठ्यापुढे प्लॅस्टिकची टाकी असेल. कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडेल.

आधी शेवाळाची ओळख करून घेऊ. शेवाळ ही अगदी साधी वनस्पती. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. ऊन, साचलेले पाणी आणि पाण्यात विरघळलेले नत्र-स्फुरद मिळाले की तिचा संसार सुरू. एरवी ती काही शत्रू नाही. आपल्याच जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहा. पाणी इतके खारट आणि क्षारयुक्त की त्यात मासा जगणे कठीण, पण स्पिरुलिना नावाचे नीलहरित शेवाळ तिथे सुखाने नांदते. सरोवराचा नेहमीचा हिरवा रंग शेवाळाचाच. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले तेव्हा लोक घाबरले, कोणी शुभ म्हणाले, कोणी अशुभ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा मान मिळाला. सांगायचे तात्पर्य, पाण्यातला हिरवा, तपकिरी, गुलाबी रंग ही कोणाची करणी नसते. पाण्यात काय मिसळले आहे आणि त्यावर किती ऊन पडते, याचा तो हिशेब असतो.

आता टाकीकडे वळू. पूर्वी माशांच्या टाक्या काचेच्या असत. हल्ली ॲक्रिलिकच्या येतात. ॲक्रिलिक म्हणजे पारदर्शक, कडक प्लॅस्टिक. वजनाला काचेच्या निम्मे, पडले तरी काचेसारखा चुरा होत नाही, म्हणून लहान मुलांच्या घरी लोक तीच पसंत करतात. १९५१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे २०१५ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा तिथे माशांच्या खालून चालत जाण्यासाठी बोगदा केला, तोही ॲक्रिलिकचाच.

माझ्या मुलीने चार वर्षांपूर्वी अशीच एक टाकी घरी आणली. मी कृषी विस्तार अधिकारी. जन्म गेला कापूस, सोयाबीन आणि हरभऱ्यात. मासे पाळण्याचा मला गंध नव्हता. पण टाकी खिडकीजवळ ठेवली गेली आणि पंधरा दिवसांत तिच्या भिंतीवर हिरवट साय धरली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेऊन निघाल्या, तेवढ्यात मुलीने त्यांचा हात धरला. ती म्हणाली, "आई, ही काच नाही. हिच्यावर घासणी फिरली की कायमचे ओरखडे पडतील." मग तिने साफ करण्याची रीत दाखवली. ती पाहताना मला आमच्या घाटावरच्या शेततळ्यांची पदोपदी आठवण होत होती.

ओरखडा का पडतो ते समजले की रीत लक्षात ठेवावी लागत नाही, ती आपोआप कळते. पदार्थाचा कठीणपणा मोजण्याची एक पट्टी असते. तीत ॲक्रिलिक साधारण ३ वर, काच साडेपाचच्या आसपास आणि वाळूचा कण ७ वर. जो कठीण तो मऊ वस्तूला ओरबाडतो. शेवाळ स्वतः लोण्यासारखे मऊ, ते कशालाच ओरखडा पाडत नाही. ओरखडा पाडतो तो शेवाळात अडकलेला वाळूचा कण, घासणीतली खर, हातातली अंगठी आणि काचेची काकणे. म्हणजे दोष शेवाळाचा नव्हे, ते काढण्याच्या हत्याराचा.

टाकी साफ करायची रीत अशी. हातातल्या अंगठ्या, काकणे, घड्याळ काढून ठेवा. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा घ्या, पण काठ आणि जर कापून टाका, कारण जर म्हणजे तारच. कापड स्वच्छ पाण्यात दोन वेळा खळबळून घ्या. साबणाच्या पाण्यात भिजवलेले कापड टाकीत चालणार नाही, साबण माशांना बाधतो. भिंत वरून खाली सरळ रेषेत पुसा, गोल गोल घासू नका. तळाच्या वाळूपासून दोन बोटे वरच थांबा, कारण खाली वाळूचे कण कापडाला चिकटतात आणि पुढच्या फेरीत तेच भिंतीवर फिरतात. दर फेरीनंतर कापड धुवा. वाळूलगतचा पट्टा शेवटी, वाळू बोटाने बाजूला सारून, वेगळ्या कापडाने पुसा.

काही ठिकाणी शेवाळ घट्ट बसलेले असते. तिथे जोर लावण्यापेक्षा वेळ लावावा. पाणी थोडे उतरवून त्या जागेवर ओले कापड दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवले की ते सैल होते. मग जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड हलक्या हाताने फिरवावी. काचेच्या टाकीवर लोक दाढीचे पाते चालवतात, ते इथे मुळीच चालवू नका. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यामुळे पांढरी क्षाराची रेघ धरते. टाकी रिकामी केलेली असेल तेव्हा ती लिंबाच्या रसाने भिजवून पुसावी आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुवावी. बाहेरून धूळ असेल तर कोरड्या कापडाने पुसू नका. आधी पाणी सोडून धूळ वाहू द्या, मग टिपा. स्पिरिट, थिनर, पेट्रोल किंवा आरसे पुसण्याचे अमोनियाचे औषध लावले तर ॲक्रिलिकला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. पाणी बदलताना सगळे एकदम बदलू नका, चौथा हिस्सा बदला. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मगच घाला.

आणि मूळ उपाय तर वेगळाच. टाकी खिडकीतून हलवली, दिवा दिवसातून सहा-आठ तासांवर आणला, खाद्य मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच टाकू लागलो. शेवाळाची वाढ निम्म्याहून कमी झाली.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. भिंतीवर ओरखडा पडला की पुढच्या खेपेला शेवाळ आधी त्या ओरखड्यातच धरते. गुळगुळीत जागेवरून ते कापडाने निघते, चरीतून निघत नाही. ते काढायला आणखी जोराने घासावे, तर आणखी ओरखडे पडतात. असे ते चक्र आहे. साप मरावा पण काठी मोडू नये असे आपण म्हणतो. इथे तर काठी मोडली की साप वाढतो!

हाच न्याय शेततळ्याला जसाच्या तसा लागू आहे. आता शेताकडे चला.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन, फळबागा, ठिबक. पाऊस बेभरवशाचा, विहिरी माघातच तळ दाखवतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला देण्याजोगे नाही. तेव्हा दोन्हीकडे पावसाचे गोडे पाणी साठवणे हाच मार्ग. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि तळ्यांची संख्या वाढली. जिथे मुरूम आहे किंवा पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवायचे आहे तिथे पन्नी घालावीच लागते. ही पन्नी साधारण ५०० मायक्रॉनची, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. पोस्टकार्ड आणि आपले अख्खे वर्ष यांत जाडीचा फारसा फरक नाही म्हणा ना!

हिशेब करून पाहा. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचे तळे असेल, तर तळाशी ते २४ मीटर लांब-रुंद होते. अशा तळ्यात काठोकाठ सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. एवढे पाणी आणि जमीन यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पडदा.

या पाण्यात शेवाळ येतेच. शेतातून वाहून आलेले पाणी तळ्यात घेतले की त्याबरोबर युरिया आणि डीएपीचा अंश येतो, शेणखताचा निचरा येतो, वर पक्ष्यांची विष्ठा पडते. फाल्गुन-चैत्रात ऊन कडक होते, पाणी उतरते, तापते, आणि आठ-दहा दिवसांत हिरवी गोधडी पसरते. नुसती पसरली तर एक वेळ चालले असते. पण तिचे तंतू पंपातून ठिबकच्या फिल्टरमध्ये जातात. सँड फिल्टर तुंबतो, जाळी चिकट होते आणि तरीही जे निसटते ते ड्रीपरच्या तोंडाशी जाऊन बसते. वरून सगळे ठीक दिसते आणि ओळीतली शेवटची झाडे मात्र सुकू लागतात.

देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका घरी मी बरीच वर्षे जात आहे. नाव सांगत नाही, घर साधे आहे. शेडनेटमध्ये काकडी आणि मिरचीचे बीजोत्पादन, दोन एकर मोसंबी, आणि सगळ्याला आधार एका पन्नीच्या तळ्याचा. एका चैत्रात फिल्टर दिवसातून चार वेळा धुवावा लागू लागला. थोरला मुलगा वैतागला. लोखंडी दाताळे घेऊन तळ्याच्या उतारावर उतरला आणि ओढून ओढून शेवाळ काढले. संध्याकाळपर्यंत तळे आरशासारखे स्वच्छ. घरात सगळ्यांना बरे वाटले.

चौथ्या दिवशी आजींच्या लक्षात आले. त्यांनी काठावर एका बांबूला दर हातावर चुन्याच्या खुणा केल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मोटार दोन दिस बंद हाये, वीजच नव्हती. तरी पाणी एक खूण खाली गेलं. ऊन काय एवढं पितं व्हय?" ऊन एवढे पीत नाही हे खरेच. आपल्याकडे भर उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून दिवसाला फार तर एक सेंटिमीटर, कडक वाऱ्यात जरा जास्त, पाणी उडते. चार दिवसांत एक हात म्हणजे पन्नी फाटली होती. शोधले तेव्हा उतार जिथे तळाला मिळतो त्या घडीवर वीतभर चीर सापडली. खाली मुरूम, पाणी चाळणीतून जावे तसे गेले. पन्नी जोडणारे यंत्र घेऊन माणूस येईपर्यंत आणखी दिवस गेले. त्या वर्षी बियाण्याची काकडी वाचली, पण मोसंबीचा बहर टाकून द्यावा लागला. मुलगा कित्येक दिवस जेवताना मान वर करत नव्हता. आजी त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी आजींनी आपलीच युक्ती काढली. ती मी नंतर अनेक गावांत सांगितली आहे, तुम्हालाही सांगतो.

दोन जुन्या सुती साड्या, काठ कापून, ओल्या करून, बैलाच्या दोरासारख्या लांब सुती दोराभोवती घट्ट गुंडाळायच्या. मनगटाएवढा जाड, मऊ, जड पेळू तयार होतो. एक माणूस या काठावर, दुसरा समोरच्या काठावर. दोघांनी दोराची टोके धरून पेळू पाण्याच्या पृष्ठभागावरून हळूहळू एका कोपऱ्याकडे आणायचा. गोधडी गुंडाळावी तसे शेवाळ त्याच्यापुढे गोळा होत जाते. कोपऱ्यात आले की जुन्या मच्छरदाणीची झोळी बांबूला बांधून ते उचलायचे. बांबूचे टोक चिंध्यांनी नीट बांधलेले हवे, उघडे टोक सुरीसारखे लागते. तळ्यात कोणी उतरायचे नाही. सगळे काम काठावर उभे राहून.

उताराला चिकटलेल्या शेवाळाची रीत वेगळी. दर आठवड्याला पाणी उतरते आणि ओल्या पन्नीचा एक पट्टा उघडा पडतो. तो पट्टा त्याच दिवशी, ओला असतानाच, लांब दांड्याला लावलेल्या रबरी वायपरने किंवा स्पंजाने वरून खाली ओढून घ्यावा. तेव्हा शेवाळ सायीसारखे निघते. दोन दिवस ऊन लागू दिले तर ते वाळते, त्यात धूळ बसते आणि कागदावर खळ वाळावी तसे घट्ट होते. मग लोक फावडे, खराटा, तारेचा ब्रश घेऊन येतात आणि पन्नी खरवडतात. वाळलेच असेल तर आधी पाणी शिंपडून तासभर मऊ करावे. पन्नी कोरडी घासू नये आणि मातीसकट घासू नये. टाकीचे जे दोन नियम तेच तळ्याचे.

काढलेले शेवाळ काठावर ढीग करून ठेवू नका. कुजून त्याचा रस पुन्हा तळ्यातच जातो आणि शेवाळाचीच मेजवानी होते. ते खताच्या खड्ड्यात न्या. त्यात नत्र चांगले असते, काडीकचरा आणि शेणाबरोबर ते उत्तम कुजते.

तळे धुण्यासाठी पूर्ण कोरडे करण्याचा मोहही टाळा. तळाशी फूट-दीड फूट पाणी राहू द्या. पाण्याचे वजन गेले की वैशाखातला वारा पन्नीखाली शिरून तिला फुगवतो आणि ती घडीवर, जोडावर फाटते. आणि फाटलीच तर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन लावत बसू नका. ही पन्नी मेणासारखी असते, तिला डिंक किंवा सोल्युशन धरत नाही. गरम हवेच्या यंत्रानेच ठिगळ वितळवून जोडावे लागते.

आता तुम्ही विचाराल, "साहेब, एवढी खटपट कशाला? एखादे औषध सांगा." औषध आहे, मोरचूद. पण ते दुधारी आहे. मापाने सांगायचे तर शेवाळासाठी हजार लिटर पाण्याला १ ग्रॅमपेक्षा जास्त मोरचूद वापरू नये. वर हिशेब केलेल्या तळ्यात काठोकाठ पाणी असेल तर ते सव्वादोन किलोच्या आत भरते, आणि चैत्रात पाणी निम्मे असेल तर त्याच प्रमाणात कमी. म्हणून आधी पाणी मोजा, मग वजनकाटा हातात घ्या. मुठीने टाकण्याची ही वस्तू नाही. तळ्यात मासे असतील, किंवा मेंढ्या ते पाणी पीत असतील, तर मोरचूदाचे नाव काढू नका. मेंढीला तांबे फार लवकर बाधते. दुसरे असे की सगळे शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, पाण्याला घाण सुटते, मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि मरतात. शिवाय तांबे कुजत नाही, ते तळाच्या गाळात साचत राहते. म्हणून आधी हाताने काढा, औषध शेवटी, तेही बुलडाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून.

निळसर हिरवा, रंग सांडल्यासारखा, घाण वास येणारा तवंग दिसला तर ते पाणी जनावरांना पाजू नका. काही नीलहरित शेवाळे विषारी असतात, आणि मेल्यावर त्यांचे विष पाण्यात उतरते. गुराला दुसऱ्या ठिकाणचे पाणी दाखवा.

ठिबकच्या नळ्यांत शेवाळ गेलेच असेल तर ब्लीचिंग पावडर चालते. पावडर ताजी असेल तर हजार लिटर पाण्याला सुमारे ६० ग्रॅम. आदल्या रात्री बादलीत कालवून ठेवावी, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी गाळून सोडावी. अर्धा-एक तास नळ्यांत राहू द्यावी, मग टोकाची बुचे काढून धुवून काढावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकाच बादलीत, एकाच टाकीत कधीही येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. खताबरोबरही ती मिसळू नका. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकात अर्ध्या किलोचा फरक दिसला की फिल्टर उलटा धुवावा. पिके सुकण्याची वाट पाहू नये.

आणि टाकी खिडकीतून हलवावी तसे तळ्याचेही करता येते. पाणी तळ्यात शिरण्याआधी एक लहान गाळखड्डा करा, म्हणजे माती आणि तिला चिकटलेले स्फुरद तिथेच बसेल. नुकत्याच खत दिलेल्या शेतातले पाणी आत घेऊ नका, पहिला लोंढा बाहेर सोडा. उकिरडा तळ्याच्या वरच्या अंगाला ठेवू नका. तळ्याला जमत असेल तर जुने शेडनेट ताणून निम्मे पाणी झाका. ऊन अडते आणि पाणी उडणेही कमी होते. मत्स्यबीज सोडायचे असेल तर चंदेरा पाण्यातले हिरवे सूक्ष्म शेवाळ खातो आणि गवत्या पाणगवत खातो. मासे सोडले की मोरचूदाचा रस्ता बंद, हे मात्र लक्षात ठेवा.

आता शेवटचे, पण सगळ्यांत महत्त्वाचे. आतापर्यंत पन्नीच्या जिवाबद्दल बोललो, आता माणसाच्या जिवाबद्दल.

पन्नीवर शेवाळ म्हणजे तेल लावलेला उतार. ज्याला पोहता येते तोही त्यातून बाहेर निघू शकत नाही, कारण पायाला टेकू नाही, हाताला धरायला काही नाही. तो चढतो आणि घसरतो, चढतो आणि घसरतो, शेवटी थकतो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत शेततळ्यात बुडून गेलेल्यांच्या बातम्या येतात. पुष्कळ वेळा एकाच्या मागे दुसरा, मुलाच्या मागे बाप, बहिणीच्या मागे भाऊ. पाणी वाचवायला तळे केले आणि घरातले माणूसच त्यात गेले, यासारखे दुःख नाही.

घाटाखालच्या एका गावात मी एका तळ्यावर गेलो होतो. एक बाई हंडा बुडवायला वाकल्या, पाय शेवाळावर पडला आणि हंड्यासकट आत गेल्या. त्यांच्या सासऱ्यांनी दीड महिन्यापूर्वी चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले होते. बाईंच्या हाताला दोर लागला. गाठीगाठीने त्या वर आल्या. आम्ही पोहोचेपर्यंत काठावर बसून चिंब पदर पिळत होत्या आणि म्हणत होत्या, "हंडा गेला ना वो माझा!" सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दोराची खुंटी हलवून पाहिली, घट्ट आहे ना म्हणून. शंभर रुपयांचा दोर होता तो.

तेव्हापासून कोणत्याही शेततळ्यावर गेलो की पिकाची चौकशी नंतर करतो, आधी दोर पाहतो. तुम्हीही एवढे कराच. चारी बाजूंना खुंट्या ठोकून दर हातावर गाठ मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा. हवा भरलेली ट्रकची जुनी ट्यूब काठावर बांधून ठेवा. तळ्याला कुंपण आणि फाटक करा, फाटकाला कडी उंचावर लावा, म्हणजे लहान मुलाचा हात पोहोचणार नाही. पिण्यासाठी, धुण्यासाठी पाणी पाइपाने बाहेर काढा, कोणाला काठावर वाकू देऊ नका. शेवाळ काढायला कधी एकट्याने जाऊ नका. आणि कोणी पडलेच तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर फेका, ट्यूब फेका, काही नसेल तर डोक्याचा फेटा, अंगावरचे लुगडे सोडून फेका. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवा.

तळे राखील तो पाणी चाखील ही म्हण राखणदाराला टोमणा मारण्यासाठी वापरतात. आपल्या जिल्ह्यात मात्र ती शब्दशः खरी आहे. हत्यार मऊ हवे, हात हलका हवा आणि काम आठवड्याचे आठवड्याला व्हायला हवे. पेरणीपूर्वी औजारे पाहता, बियाणे पाहता, तसा एक दिवस तळ्यासाठी काढा. पन्नीचे जोड पाहा, घड्या पाहा, दोराच्या गाठी ओढून पाहा. कुजका दोर असेल तर मृगाआधी बदला.